एका शेअरचे दोन भाव

आमच्या वाड्याची वाटणी झाली तेव्हा दोन व्हॅल्युअर आले होते. एक वाडा स्वतःकडे ठेवणाऱ्या थोरल्या दादांनी आणलेला, दुसरा पैसे घेऊन बाहेर पडणाऱ्या आम्ही धाकट्यांनी. भिंती त्याच, मोजमापेही तीच; पण एकाने वाळवी लागलेल्या तुळया पाहून किंमत उतरवली, दुसऱ्याने रस्त्यावरची जागा पाहून चढवली. खोटे कोणीच बोलत नव्हते.

बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या करखटल्यांत हेच घडते, फक्त आकडे कोटींत असतात. एकाच मालकाच्या दोन कंपन्या, एक इथली आणि एक परदेशातली, आपसांत व्यवहार करतात तेव्हा भाव घरातच ठरतो. नफा कमी कराच्या देशात सरकवणे मग सोपे. याला ‘ट्रान्स्फर प्रायसिंग’ म्हणतात. २००१ साली आपल्याकडे त्याचे सविस्तर नियम आले : दोन परक्यांत जो भाव ठरला असता, तोच धरायचा. पण परक्यांत तसा सौदा झालेलाच नसेल तर? मग तज्ज्ञांना बोलवा!

ऑगस्ट २००८ मध्ये व्होडाफोनच्या एका भारतीय कंपनीने मॉरिशसमधल्या आपल्या मालक कंपनीला २,८९,२२४ शेअर दिले, प्रत्येकी ८,५१९ रुपयांना. आयकर अधिकाऱ्यांनी त्याच शेअरची किंमत काढली ५३,७७५ रुपये. सहापट! सुमारे १,३०९ कोटींचा हा फरक कंपनीचे उत्पन्न ठरवला गेला. ऑक्टोबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, शेअर देऊन येते ते भांडवल, उत्पन्न नव्हे. सबब कर नाही. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने अपील न करण्याचे ठरवले. कायद्याचा मुद्दा निकालात निघाला. खरा भाव कोणता, हे मात्र ठरलेच नाही. ठरवायची गरजच उरली नाही.

सगळेच खटले असे सुटत नाहीत. पुढच्या दहा वर्षांच्या नफ्याचा अंदाज बांधून आजची किंमत काढायची, त्यात वाढीचा दर एखाद्या टक्क्याने हलवला की उत्तर कुठल्या कुठे जाते. तो टक्का कुणाच्या बाजूने हलतो, हे फी कोण देतो यावरून ओळखावे! किंमत कमी धरली तर सरकारी तिजोरीची तूट तुमच्याआमच्यासारख्या पगारदारांनी भरायची, आणि जास्त धरली तर सचोटीच्या उद्योगाने वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या. २०१२ पासून खात्याशी आधीच पद्धत ठरवून घेणारा करार करता येतो, ही सोय चांगली आहे. पण सगळेच काही त्या वाटेने जात नाहीत.

आमच्याकडे आईने दोन्ही व्हॅल्युअरना ओट्यावर समोरासमोर बसवले आणि विचारले, ‘‘नेमके कुठे पटत नाही, तेवढे सांगा.’’ चहा होईतो फरक निम्म्यावर आला. ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयांत दोन्ही पक्षांच्या तज्ज्ञांना असेच एकत्र बसवून साक्ष घेतात. आपल्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने हे करून पाहायला काय हरकत आहे? वस्तुस्थितीबाबतचा शेवटचा शब्द तिथलाच असतो.