टाका घालणारीचे नाव लिहा!

मी औंढा नागनाथची. आमच्याकडे तांड्यांवर बाया आरसे, कवड्या लावून फेटिया-काचळी भरतात. तसलेच कपडे शहरांतल्या संग्रहालयांत काचेआड. खाली चिठ्ठी : 'बंजारा भरतकाम, विसावे शतक.' देणगीदाराचे नाव मात्र ठळक! भरणारी बाई कुठे गेली?

'कोण विचारत बसणार' ही सबब चालणार नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या. गाणारीचे नाव-गाव लिहिलेच ना? (त्यांतल्या कितीजणींना सही येत होती?) ओवीला नाव मिळते, टाक्याला का नाही?

मैत्रिणींनो, त्या कपड्यांचे फोटो घेऊन तांड्यांवर जा. म्हाताऱ्यांना विचारा, हा हात कुणीकडचा? मग संग्रहालयांना चिठ्ठ्या बदलायला लावू. बाईचे नाव नाही सापडले, तर निदान तांड्याचे तरी.