गिरणगावचे मास्तर दिल्लीत गेले तेव्हा



आपल्या डिलाईल रोडला आज ना. म. जोशी मार्ग म्हणतात. पत्ता सांगताना हे नाव तोंडी येतं, पण हे जोशी कोण, असं घरातल्या पोरानं विचारलं तर किती जणांना सांगता येईल? कुणी म्हणेल पुढारी होते, कुणी म्हणेल दिल्लीच्या कौन्सिलात होते. दोन्ही खरं. पण त्याच्या आधी ते मास्तर होते, आणि शेवटपर्यंत मास्तरच राहिले.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म १८७९ सालचा, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा. पुण्यात शिकून ते बी. ए. झाले आणि आठेक वर्षे त्यांनी शाळांतून मुलं शिकवली. १९०९ साली ती नोकरी सोडून ते नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. गोखलेही मूळचे मास्तरच. १९११ साली जोशींनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. त्याच साली झालेला कायदा गिरणीत पुरुषाकडून दिवसाला बारा तास काम घ्यायला मोकळीक देत होता! अशा कामगारासाठी लीगने रात्रीच्या शाळा आणि वाचनालयं चालवली. बारा तास साच्यापुढं उभा राहिलेला माणूस रात्री पाटी घेऊन बसू लागला.

१९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तिथं हिंदी कामगारांच्या वतीनं जोशी गेले. १९२० साली मुंबईत आयटक स्थापन झाली, लाला लजपतराय अध्यक्ष झाले. ती उभी करणाऱ्यांत जोशी होते. १९२१ पासून ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बसले. सरकारनं नेमलेले म्हणून बसले, कारण तुमच्या-आमच्यासारख्याला तेव्हा मत कुठं होतं?

तिथं त्यांनी काय केलं ते नीट ऐका. मद्रासच्या गिरण्यांत बी. पी. वाडियांनी युनियन बांधली, तर मालकानं कोर्टात जाऊन त्यांच्यावर मनाई हुकूम आणला. म्हणजे संघटना बांधणं हाच गुन्हा! जोशींनी १९२१ साली ठराव मांडला की युनियनची नोंदणी व्हावी आणि तिला कायद्याचं संरक्षण मिळावं. पाच वर्षं लागली. १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला. बाळंतपणात बाईला विश्रांती आणि भत्ता मिळावा म्हणून १९२४ साली त्यांनी विधेयक आणलं. ते फेटाळलं गेलं. पण मागणी मेली नाही. मुंबईच्या कौन्सिलात डॉ. आंबेडकरांनी तिची बाजू घेतली आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला.

जोशी नेमस्त होते, हे झाकायचं कारण नाही. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात त्यांची युनियन लाल बावट्याबरोबर संयुक्त समितीत होती. पुढच्याच वर्षी नागपूरला ते आयटक सोडून बाहेर पडले. लढाऊ कामगारांनी त्यांना बोल लावले, ते सगळेच चुकीचे नव्हते. अर्ज-विनंत्यांनी शेटजी हलत नाही, संपानं हलतो. पण संप मिटल्यावर पदरात पडलेलं राखायचं कशाच्या जोरावर? कागदाच्या. तो कागद कसा लिहून घ्यायचा, हे या मास्तरांना ठाऊक होतं. १९४० साली तेच पुन्हा आयटकचे सरचिटणीस झाले.

आता आपल्या लढ्याचं बोलू. जोशींना दिल्लीत कामगाराचं गाऱ्हाणं इंग्रजीत मांडावं लागलं. कायदा इंग्रजीत, कोर्ट इंग्रजीत. ज्याच्या घामावर कायदा झाला, त्यालाच तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. ३० मे १९५५ ला जोशी वारले. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला गिरणगावचा कामगार फ्लोरा फाउंटनवर गोळ्यांसमोर गेला. नकाशावर रेघ ओढून घ्यायला तो गेला नव्हता. आपलं सरकार आपल्या बोलीत आपल्याशी बोलावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

१ मे १९६० ला राज्य आलं, पण बेळगाव-निपाणी बाहेरच राहिली. २००४ पासून तो वाद सुप्रीम कोर्टात आहे. १९८२ च्या संपानंतर परळ-लालबागचे भोंगे एकेक करून थांबले. माग आज इचलकरंजी, भिवंडी, मालेगावात खडखडतात. आणि २०१९-२० मध्ये संसदेनं २९ कामगार कायदे गुंडाळून चार संहिता केल्या. १९२६ चा ट्रेड युनियन कायदाही त्यातच गेला. संपाची नोटीस किती दिवस आधी द्यायची, युनियनला मान्यता कशी मिळायची, हे सगळं त्यात आहे. तुमच्या खात्यात किती जणांनी ते वाचलं?

म्हणून आमचं सांगणं एवढंच. प्रत्येक खात्यात वाचता येणाऱ्यानं इतरांना आठवड्यातून एक तास द्यावा. मराठीत वाचावं, मराठीत समजवावं. जी नोटीस, जो करार मराठीत नाही, त्यावर सही करू नये, अंगठा तर नाहीच नाही. मराठी राज्य विधानभवनावर झेंडा लावून पुरं होत नाही. ते गिरणीच्या फाटकावरच्या नोटीस-फळ्यापर्यंत यायला हवं, आणि तिथवर ते आपणच आणायचं आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!