वासरात लंगडी गाय?

"पंच्याहत्तर गुण मारले म्हणे! पण कुठे? चीनमध्ये! वासरात लंगडी गाय शहाणी!"

परवा कट्ट्यावर एका मित्राने हे वाक्य टाकलं आणि माझ्या हातातला वडापाव हातातच राहिला. विषय होता जिमर फ्रेडेट. मी आपल्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा गार्ड, त्यामुळे हा माणूस मला जरा जवळचा. पण खरं सांगतो मित्रांनो, राग आला तो त्याच्यासाठी नाही, स्वतःसाठी. का, ते पुढे कळेलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. न्यूयॉर्क राज्यात ग्लेन्स फॉल्स नावाचं छोटं शहर आहे, तिथला हा पोरगा. जानेवारी 2007 मध्ये त्याच्या मोठ्या भावाने, टी. जे.ने, त्याच्याकडून चक्क एका करारावर सही करून घेतली. एनबीएत खेळायचं, त्यासाठी लागेल ती मेहनत आणि लागेल तो त्याग करायचा! तो कागद पलंगाच्या वर भिंतीवर लागला. (आपणही पहिल्या सेमिस्टरला भिंतीवर टाइमटेबल लावलं होतं. फरक एवढाच, की त्याने ते पाळलं!)

पुढे युटामधल्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षी, 2010-11 च्या हंगामात, त्याने सामन्यामागे सरासरी 28.9 गुण केले. अख्ख्या अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंत हे सर्वाधिक. त्या वर्षीच्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचे मोठे पुरस्कारही त्यालाच मिळाले.

मग आला एनबीएचा ड्राफ्ट. म्हणजे त्यांचं कॅम्पसच म्हणा ना! दोन फेऱ्या, एकूण 60 जागा. जिमरचा नंबर दहावा, संघ शेवटी ठरला सॅक्रामेंटो. अकराव्या नंबरवर होता क्ले थॉम्पसन, जो पुढे गोल्डन स्टेटकडून किती विजेतेपदं जिंकला ते सगळ्यांना माहीत आहे. आणि साठावा, म्हणजे अगदी शेवटचा, आयझेया थॉमस. उंची जेमतेम 5 फूट 9 इंच. तोही सॅक्रामेंटोचाच आणि तोही गार्डच! झालं काय, तर दहाव्या नंबरवाला बाकावर बसला आणि साठाव्या नंबरवाला खेळायला लागला.

असं का व्हावं? कॉलेजात बॉल सतत जिमरच्या हातात असायचा, सगळा संघ त्याच्याभोवती उभा केलेला. एनबीएत त्याला मिळायची थोडी मिनिटं, आणि समोरच्या चपळ गार्डला अडवताना पाय कमी पडायचे. गंमत म्हणजे लांबून तीन गुणांचे शॉट्स तिथेही तो सुमारे 37 टक्के टाकत होता. म्हणजे नेम होता, पण त्याच्या खेळाला जागा नव्हती. सॅक्रामेंटो, शिकागो, न्यू ऑर्लिन्स, न्यूयॉर्क असं फिरून 2016 मध्ये त्याने शांघाय गाठलं. तो क्लब तेव्हा याओ मिंगच्या मालकीचा होता.

तिथे परदेशी खेळाडू मोजकेच घेता येतात आणि त्यांच्याकडून अपेक्षा एकच, गुण करा! याने पहिल्याच हंगामात सरासरी 37 च्या वर गुण केले. फेब्रुवारी 2017 मध्ये एका सामन्यात 73, नोव्हेंबर 2018 मध्ये 75. आणि हे दोन्ही सामने त्याचा संघ हरला! दुसरा तर 137-136, फक्त एका गुणाने. 'जिमर'शी जुळणारा 'जिमो' हा चिनी शब्द आहे, त्याचा अर्थ एकाकी. तिथल्या चाहत्यांनी त्याचं नावच पाडलं, 'एकाकी महारथी'.

आता मित्राचं म्हणणं घेऊ. ते अगदीच खोटं नाही. 2019 मध्ये फिनिक्सने त्याला पुन्हा एनबीएत बोलावलं, सहा सामने झाले आणि संपलं. चीनमध्ये 75 केले म्हणून तिथलं दार उघडलं नाही. पण त्याच वर्षी तो अथेन्सच्या पानाथिनाइकोसकडून युरोलीग खेळला. तिथे काय वासरं होती? मग थ्री बाय थ्री बास्केटबॉलकडे वळला. 2023 च्या व्हिएन्ना वर्ल्ड कपमध्ये रौप्यपदक. 2024 ला पॅरिस ऑलिंपिक! तिथे दुसऱ्याच सामन्यात दुखापत झाली. या खेळात संघात चारच जण, बदली खेळाडू नाही. उरलेले तिघे खेळले, पण संघ पुढच्या फेरीत गेला नाही. एप्रिल 2025 मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

मला वाटतं, खरा घोळ त्या भिंतीवरच्या कागदात आहे. त्यावर एकच ओळ होती, एनबीए. ती तर 2011 मध्येच पूर्ण झाली! पुढच्या चौदा वर्षांसाठी कागदावर काहीच नव्हतं. ती त्याने विमानं बदलत, घरापासून लांब, मिळेल त्या कोर्टवर खेळून काढली. आपण मात्र अजून त्या एका ओळीवरून त्याला पास-नापास करतोय.

आता माझं. सप्टेंबरमध्ये 'ड्रीम कंपनी'च्या यादीत माझं नाव नव्हतं. नंतर आलेल्या, एमआयडीसीतल्या पंप बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याने मला घेतलं. काम शॉप फ्लोअरवर, पगार बेताचा. शेजारच्या काकूंनी विचारलं तर आई सांगते, "अजून कॅम्पस चालू आहे." तिला काय दोष देऊ? मीही हेच सांगत होतो. वासरात लंगडी गाय हे वाक्य लागलं ते म्हणूनच.

'जे होतं ते चांगल्यासाठीच' असलं काही मला सांगायचं नाही. स्वप्न हुकलं की दुखतंच. जिमरचा बचाव चीनमध्ये जाऊन सुधारला नाही आणि माझं ड्रॉइंग कारखान्यात गेल्यावर आपोआप सुधारणार नाही. त्यासाठी घासावंच लागेल. पण खेळायला कोर्ट मिळालंय, ते लपवायचं कशाला?

काल रात्री आईला फोन केला. म्हटलं, "काकूंना सांग, कॅम्पस संपलं. नोकरी लागली."

- बी. ई. (मेकॅनिकल)