शहराच्या पचक्खाणाला परिमाण कुठे आहे?



आपल्या शहराने एक पचक्खाण घेतलंय आणि ते आपल्यापैकी फार थोड्या जणींना ठाऊक आहे. 2021 साली माझी वसुंधरा अभियानातून महाराष्ट्रातली अमृत योजनेतली 43 शहरं 'रेस टू झिरो' या संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने चालणाऱ्या मोहिमेत सामील झाली. त्यात पिंपरी-चिंचवडही आलं. मोहिमेची अट सरळ आहे. उशिरात उशिरा 2050 पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं आणि 2030 पर्यंत ते निम्मं करण्यात आपला वाटा उचलायचा. उत्सर्जन म्हणजे कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळल्याने आणि कचरा कुजल्याने हवेत जाणारे, पृथ्वी तापवणारे वायू.

व्रत घेतलं हे उत्तमच झालं. पण ज्या व्रताला परिमाण नाही आणि ज्याचं प्रतिक्रमण होत नाही, त्याला आपल्या धर्मात व्रत म्हणत नाहीत.

उपासकदशांग सूत्रातला आनंद श्रावक आठवा. भगवान महावीरांसमोर तो "यापुढे कमी वापरीन" असं मोघम बोलला नाही. चार कोटी सोनैये ठेवीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात. पाचशे नांगर. दूरच्या वाहतुकीला पाचशे गाडे, जवळच्या वाहतुकीला पाचशे. आंघोळीला आठ घडे पाणी. एवढा मोठा धनिक, पण घड्यापर्यंत मोजून बोलला. म्हणूनच त्याचं व्रत मोडलं की पाळलं, हे कुणालाही तपासता आलं असतं.

आता हाच हिशेब आपण महापालिकेला विचारू. पवनेचं पाणी रावेतहून उचलून निगडीच्या शुद्धीकरण केंद्रात येतं आणि तिथून आपल्या टाकीत. त्याला वर्षाला किती युनिट वीज लागते? गेल्या वर्षीपेक्षा ती कमी झाली की वाढली? रस्त्यावरच्या दिव्यांना किती? पालिकेच्या गाड्यांना डिझेल किती? हे आकडे कार्यालयात असतीलच, कारण बिलं भरली जातात. ते आपल्या वॉर्डात, आपल्याला समजेल अशा मराठीत का लावले जात नाहीत, हा माझा प्रश्न आहे.

कचऱ्याचं घ्या. 1 ऑगस्ट 2023 रोजी मोशीतल्या कचऱ्यापासून वीज बनवण्याच्या प्रकल्पाचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. खर्च सुमारे 300 कोटी रुपये, वर्षाला सुमारे अडीच लाख टन कचरा वापरण्याची योजना. डेपोत कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट पृथ्वी तापवतो, म्हणून ढीग कमी होणं चांगलंच. पण प्लास्टिक खनिज तेलापासून बनतं, ते जाळलं की धूर हवेतच जातो. त्यामुळे "वीज किती झाली" एवढंच सांगून भागणार नाही. किती प्लास्टिक जळलं, हेही सांगावं लागेल. आपल्या स्वयंपाकघरातला ओला-सुका डबा वेगळा राहिला नाही, तर तो हिशेब बिघडतो, हेही खरं.

मग पैसा. जून 2025 मध्ये महापालिकेने हरित कर्जरोखे काढून 200 कोटी रुपये उभे केले. त्यातून निगडी प्राधिकरणातला हरित सेतू, म्हणजे पायी आणि सायकलने जाण्याचे मार्ग, असं काम व्हायचं आहे. कर्जाला मी नावं ठेवत नाही. पण कर्ज व्याजासह फिटतं ते आपल्या करातून. 'हरित' हा शब्द लावून पैसे घेतले, तर किती गाड्या रस्त्यावरून कमी झाल्या हे मोजून दाखवणं ओघानेच आलं. सावकाराला व्याज वेळेवर मिळेल, मग करदात्याला हिशेब का नाही?

आता चाकणकडे वळू. नाशिक रस्त्याने मोशी सोडून इंद्रायणी ओलांडली की महापालिकेची हद्द संपते. पलीकडे कुरुळी, निघोजे, महाळुंगे, चाकण. तिथे ग्रामपंचायती, नगरपरिषद आणि एमआयडीसी. मोटारींचे मोठे कारखाने तिथे, त्यांना सुटे भाग पुरवणारी वर्कशॉप भोसरीत. ट्रक दोन्हीकडून धावतात, धूर दोन्हीकडे जातो. आपलं दिशा परिमाण व्रत सांगतं की रेघ आखा आणि तिच्यापलीकडे आपला आरंभ जाऊ देऊ नका. इथे मात्र रेघ आखली आहे ती हिशेबाला, धुराला नाही. महापालिका, एमआयडीसी आणि पीएमआरडीए यांनी एकत्र बसून एकच हिशेब मांडल्याशिवाय शून्याची भाषा अर्धवटच राहणार.

कुणी म्हणेल, आपण जैन तर आधीच पृथ्वीकाय, अपकाय, तेउकाय, वाउकाय, वनस्पतिकाय मानतो, आपल्याला हे कशाला शिकवता? भगिनींनो, मानणं वेगळं, पाळणं वेगळं. पंधरा कर्मादानांत पहिलंच इंगालकर्म, म्हणजे अग्नीवर चालणारा धंदा. भोसरी-चाकणच्या भट्ट्या, पावडर कोटिंग, डिझेल जनरेटर हे आपल्याच समाजातल्या कितीतरी घरांचं उत्पन्न आहे. आणि कागदोपत्री भागीदार म्हणून सही आपली असते! त्या सहीच्या हक्काने घरात विचारा: कारखान्याचं वीजबिल किती, छपरावर सौर पॅनेल का नाही, जनरेटर किती तास चालतो? धंदा बंद करा असं मी म्हणत नाही. परिमाण बांधा, एवढंच म्हणते.

दुसरं कुणी म्हणेल, हे पुरुषांचं, राजकारणाचं काम. का बरं? 2011 पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. आपल्या महापालिकेच्या 128 जागांपैकी 64. मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षं प्रशासक होते, तेव्हा "विचारायचं कुणाला" हा प्रश्न खरा होता. आता निवडून आलेली माणसं आहेत. पाणी आणि कचरा यांची धोरणं आणि त्यांचा पैसा त्यांच्याच सभागृहात ठरतो. "कारखाने आमच्या हातात नाहीत" हे त्यांचं उत्तर निम्मंच खरं आहे. जे हातात आहे, त्याचा हिशेब आधी द्यावा.

म्हणून प्रत्येक महिला मंडळाने अंदाजपत्रकाआधी आपापल्या नगरसेविकेला एका पानाचं पत्र द्यावं. त्यात तीनच मागण्या: कोणत्या वर्षापासून मोजणार ते जाहीर करा. पाणी, दिवे, वाहनं आणि कचरा यांचे आकडे दरवर्षी प्रभाग कार्यालयात लावा. आणि ठरवलेलं जमलं नसेल तर ते का, हे सभागृहात उभं राहून सांगा.

आपण संवत्सरीला मिच्छामि दुक्कडं म्हणतो, पण त्याआधी एकेक व्रत घेऊन त्याचे अतिचार मोजतो. न मोजता मागितलेली क्षमा आपले साधू-साध्वी मान्य करत नाहीत. मग न मोजलेलं शून्य आपण का मान्य करावं?