अंगणवाडीच्या भिंती आणि खरवडलेला रंग

आगोटीची कामे उरकताना आणि पुन्हा चतुर्थीच्या तोंडावर, असा वर्षातून दोनदा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील घरादारांना रंगाचा हात लागतो. देवबाग-तारकर्लीपासून आचऱ्यापर्यंतच्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज लवकर गंजतात, चार महिन्यांच्या पावसाने दारांच्या तेलरंगाला पोपडे सुटतात, आणि म्हणून जुना रंग खरवडून त्यावर नवा चढविण्याचे काम येथे अंगणवाड्यांतून व प्राथमिक शाळांतूनही वारंवार काढावे लागते. या कामाची गणना आपण किरकोळ डागडुजीत करतो. परंतु खरवडताना उडणाऱ्या धुळीत शिसे असण्याचा संभव आहे आणि ती धूळ जेथे बसते तेथेच तीन ते सहा वर्षांची मुले मांडी घालून बसतात, ही गोष्ट ध्यानात घेतली, म्हणजे या कामावर कायद्याची नजर नसणे किती गंभीर आहे हे कळून येते.

तेलरंगात शिसे अनेक वाटांनी येत असे. सफेत्याने रंग दाट होई, शेंदुराने लोखंडाचा गंज थांबे, शिशाच्या क्रोमेटमुळे पिवळा व नारिंगी रंग झगझगीत दिसे, आणि शिशाचेच काही क्षार घातल्याने रंग लवकर वाळे. आपल्या देशात त्याला सक्तीची मर्यादा फार उशिरा आली. पर्यावरण संरक्षण कायद्याखालील नियम १ नोव्हेंबर २०१६ रोजी जाहीर झाले आणि एक वर्षाने, १ नोव्हेंबर २०१७ पासून, घरगुती व शोभेच्या रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे घालण्यास मनाई झाली. हा नियम चांगलाच आहे. परंतु त्याचा अंमल कारखान्यावर आणि दुकानातील डब्यावर चालतो. भिंतीवर, दारावर आणि गजावर जो रंग त्यापूर्वी बसला, तो कोणी, कसा, कोणत्या वेळी काढावा, याविषयी तो मौन पाळतो. शिवाय नियम घरगुती व शोभेच्या रंगांपुरता असल्याने, होडीसाठी किंवा यंत्रासाठी आणलेला डबा उरला म्हणून तोच बालवाडीच्या फाटकाला लावला गेला, तर ते अडविणारे तेथे कोणी नसते.

चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीची मला तितकी चिंता वाटत नाही. चिंता आहे ती दारे, खिडक्या, गज आणि फाटके यांची, आणि विशेषतः सरकारी इमारतींतून भिंतीच्या खालच्या तीन-चार फुटांवर, हाताचे मळ धुऊन निघावेत म्हणून, जो तेलरंगाचा पट्टा ओढलेला असतो त्याची. कारण तो पट्टा नेमका मुलाच्या हाताच्या आणि तोंडाच्या उंचीवर येतो.

शिशाची निर्धोक म्हणता येईल अशी मात्रा वैद्यकशास्त्राला अद्याप सापडलेली नाही. पोटात गेलेल्या शिशापैकी जो अंश प्रौढाचे शरीर शोषून घेते, त्याच्या चार-पाच पट अंश लहान मुलाचे शरीर शोषू शकते, आणि शरीरात लोहाची उणीव असेल तर हे शोषण अधिकच वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला, हे येथे विसरून चालणार नाही. ज्यांचे पोषण व्हावे म्हणून आपण अंगणवाडी उघडली, त्याच मुलांना ही धूळ सर्वाधिक बाधते. आणि ही बाधा ताप किंवा ओकारी होऊन लगेच उघड होईलच असे नाही. मूल चिडखोर होते, त्याचे चित्त ठरत नाही, बुद्धीची वाढ खुंटते, आणि दोष बिचाऱ्या मुलाच्या स्वभावाला लावला जातो. मेंदूची अशी झालेली हानी पुढे सहसा भरून निघत नाही.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतही आपल्यासारखाच उन्हापावसाचा, आणि तेथील लाकडी घरांना आपल्या पडवीसारखे व्हरांडे. तेथील डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ साली दाखवून दिले, की मुलांना होणाऱ्या शिशाच्या विषबाधेचे मूळ व्हरांड्याच्या कठड्यांवरील उन्हाने भुकटी झालेल्या रंगात आहे. आणि १९२२ साली त्या प्रांताने मुलांच्या हाती लागतील अशा कठड्यांना, फाटकांना व जमिनीपासून चार फुटांपर्यंतच्या बाह्य भागाला शिशाचा रंग लावण्यास कायद्याने बंदी केली. अमेरिकेने १९७८ साली घरगुती रंगातील शिशावर निर्बंध घातला खरा, परंतु जुन्या भिंतींचा प्रश्न मागे उरलाच. म्हणून २००८ साली स्वतंत्र नियम करून, आणि २०१० पासून तो अंमलात आणून, १९७८ पूर्वीच्या घरांत व लहान मुलांच्या वापरातील इमारतींत असा रंग उकरणाऱ्या मक्तेदाराला प्रशिक्षण आणि दाखला सक्तीचा केला. आपण यातील पहिली पायरी चढलो आहोत. दुसरी चढण्यास आणखी तीस वर्षे घालविण्याचे काहीच कारण नाही.

दिल्लीहून नवा नियम येईपर्यंत ओरोसच्या जिल्हा मुख्यालयाने हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही. ज्या अंदाजपत्रकाला जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायत मंजुरी देते, त्यातच अटी घालता येतात. तपासणीची यंत्रे तालुक्यातालुक्याला मिळणार नाहीत, हे मान्य. म्हणूनच २०१७ पूर्वीच्या इमारतीतील प्रत्येक तेलरंगात शिसे आहे असेच गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार काम करणाऱ्यावर टाकावा. कोरडा पॉलिश पेपर आणि घासणीचे यंत्र यांना मनाई असावी, दिव्याच्या ज्योतीने रंग जाळून काढण्यास तर सक्त मनाई असावी. पृष्ठभाग पाण्याने भिजवूनच खरवडावा, खाली प्लास्टिक अंथरावे, पोपडे झाडून अंगणात किंवा विहिरीच्या बाजूला न टाकता पिशवीत बांधून वेगळे ठेवावेत, आणि शेवटी केरसुणी न फिरविता जमीन ओल्या फडक्याने पुनःपुन्हा पुसावी. रंगाऱ्याने ते कपडे तसेच घरी नेऊ नयेत, कारण त्याच्याही घरी मुले असतात.

सर्वांत अवघड अट वेळेची आहे. शाळेला मे महिना मोकळा मिळतो. अंगणवाडीला तशी दीर्घ सुटी नसते, पूरक आहार वर्षाचे ३०० दिवस द्यावयाचा असतो, आणि म्हणून एका कोपऱ्यात रंगकाम व दुसऱ्या कोपऱ्यात खिचडी असा प्रकार घडण्यास वाव राहतो. यावर उपाय एकच: काम सुरू होण्यापूर्वी मुलांचा आणि चुलीचा मुक्काम समाजमंदिरात, देवळाच्या सभामंडपात अथवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात हलविल्याची नोंद दप्तरी व्हावी, त्याशिवाय काम सुरू करण्याचा हुकूमच निघू नये.

खर्च वाढेल असा आक्षेप येईल, आणि तो अगदीच निराधार नाही. लहान मक्तेदाराला दोन दिवस अधिक लागतील आणि त्या दोन दिवसांची मजुरी अंदाजपत्रकात धरावीच लागेल, ती त्याच्या माथी मारणे अन्याय्य ठरेल. परंतु पाणी, फडकी आणि प्लास्टिकचा कागद यांसाठी जिल्हा परिषदेची तिजोरी रिकामी होणार नाही. बिल मंजूर करण्यापूर्वी अभियंत्याच्या सहीबरोबर अंगणवाडी सेविकेचीही सही घ्यावी, कारण काम चालू असताना त्या इमारतीत कोण होते आणि धूळ कोठे पडली, हे तिला अभियंत्यापेक्षा अधिक ठाऊक असते. आणि तिने सही नाकारल्यास तिच्यावर दडपण येणार नाही, अशी लेखी तरतूद त्याच हुकुमात असावी.