यंत्र आणि आमची नावे

"कृत्रिम बुद्धिमत्ता ही मुंबई-पुण्याची भानगड. नामपूरच्या मार्केटात कांदा विकणाऱ्याला तिचं काय?" असं आमच्या मोहल्ल्यातली शिकलेली मंडळीच विचारतात, तेव्हा वाईट वाटतं.

समजा, एखाद्याचं नाव शेख सलीम शेख रहीम आहे. यात आडनाव कोणतं? शाळेच्या दाखल्यावर 'शेख' शेवटी, आधारवर सुरुवातीला. त्याची आई एका कागदावर खतिजाबी, दुसऱ्यावर खदीजा. उर्दूतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत जाताना प्रत्येक कारकुनाने आपल्या कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. तरी गावात अडत नव्हतं, कारण तलाठी आणि रेशन दुकानदार माणसाला ओळखत होते. तो कारभार धुतल्या तांदळासारखा नव्हता. वशिला होता, लाच होती. पण समोर माणूस होता, त्याच्याशी भांडता येत होतं. यंत्र माणूस ओळखत नाही, नोंदी जुळवतं.

शेजारच्या तेलंगणात काय झालं ते पाहा. तिथे 'समग्र वेदिका' ही प्रणाली निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी जुळवून कुटुंब पात्र की अपात्र हे सुचवू लागली. नावाच्या साधर्म्यामुळे भलत्याची मोटार गरिबाच्या नावावर चढली आणि त्याचं धान्य बंद झालं. शेवटी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला, २०१६ पासून रद्द झालेल्या सुमारे १९ लाख शिधापत्रिकांची प्रत्यक्ष फेरतपासणी करा, असा आदेश द्यावा लागला.

याला कुणी नशीब म्हणेल, कुणी कयामतची निशाणी. दोन्ही पळवाटा आहेत. यंत्र आसमानातून उतरलेलं नाही. ते माणसांनी बनवलं, सरकारने कामाला लावलं; जबाबदारीही त्यांचीच. यंत्राने फार तर शंका घ्यावी, निकाल देऊ नये. धान्य तोडण्याआधी लेखी कारण आणि सुनावणी मिळालीच पाहिजे.

पण मागणाराही हवा. २००५ चा माहिती अधिकार आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे. आपण किती अर्ज केले? जलशाला वर्गणी जमते, अर्ज लिहायला माणूस मिळत नाही!

जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर एक टेबल मांडा. कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींनी वडीलधाऱ्यांचे कागद तपासावेत, नावं दुरुस्त करून द्यावीत. बायकांचे कागद आधी घ्या. त्यांच्याच नावांत घोळ जास्त असतो. धान्य तुटल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे काम आजच हाती घ्या.