आजोबांचा रेझर भंगारात देण्याआधी

दिवाळीची साफसफाई असो की गावाकडच्या घराची आवराआवर, माळ्यावरून एक डबा हमखास निघतो. आत धातूचा जड रेझर, केस झडलेला ब्रश, तुरटीचा खडा आणि कागदात गुंडाळलेलं एखादं ब्लेड. आई विचारते, ‘हे टाकू का?’ तुम्ही मोबाइलमधून मान वर न काढता म्हणता, ‘टाक ना!’

जरा थांबा. तो रेझर बहुधा अजून चालतो. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकी माणसाने 1903 मध्ये बदलत्या ब्लेडचे रेझर विकायला काढले, तेव्हा पहिल्या वर्षी अवघे 51 खपले. 1904 मध्ये पेटंट मिळालं, पहिल्या महायुद्धात तो अमेरिकी सैनिकांच्या सामानात गेला आणि मग जगभर पसरला. आपल्या कामाची गोष्ट ही, की 1930 च्या दशकानंतरच्या बहुतेक दुधारी रेझरमध्ये कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळणारं आजचं ब्लेड बसतं. टोपाझ घ्या, सुपरमॅक्स घ्या, फरक पडत नाही. फोन बदलला की चार्जर बदलणाऱ्या आपल्या पिढीला हे ऐकून थोडी लाज वाटायला हरकत नाही. आपण वापरतो त्या कार्ट्रिजमध्ये प्लॅस्टिक आणि स्टील असं एकमेकांत अडकवलेलं असतं की ते वेगळं करत कोणी बसत नाही. आजोबांच्या रेझरमधून कचऱ्यात जातो तो फक्त पोलादाचा एक पातळ तुकडा. तोही लगेच नाही. आधी त्याने आजी शिवण उसवायची आणि काका पेन्सिलला टोक काढायचे.

पण ‘वारसा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नोकरदार आजोबांचा हा चकचकीत रेझरच का येतो? तो घरात येण्याआधी बहुतेकांची दाढी व्हायची ती वस्तऱ्याने, आणि वस्तरा असायचा नाभिकाच्या धोकटीत. कात्री, नराणी, वाटी, धार लावायचा चामडी पट्टा, सगळं त्या एका धोकटीत. वर्षभर गावाची डोकी आणि दाढ्या करायच्या आणि सुगीला धान्याच्या रूपात बलुतं घ्यायचं, असा तो हिशोब. तो किती न्याय्य होता हे बलुतं देणाऱ्याला विचारून कळणार नाही.

तुमच्या वर्गात असा कोणीतरी असेल, ज्याच्या पणजोबांची धोकटी अजून घरात आहे. सलूनमध्ये एचआयव्ही आणि काविळीच्या भीतीने दर गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड लावायची पद्धत आली आणि जुने वस्तरे खुंटीला टांगले गेले ते कायमचे. व्हिंटेज म्हणून रीलमध्ये सोळिंगेनचा वस्तरा दाखवणं सोपं आहे. ज्या हत्यारावरून शाळेत चिडवलं गेलं, ते घरात मांडून ठेवणं सोपं नाही. ते जपायचं की नाही, हे त्याच घराने ठरवावं. बाहेरच्यांनी ‘हेरिटेज आहे रे’ म्हणून सल्ले देऊ नयेत. फक्त एक गोष्ट माहीत असू द्या. 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी संप केला होता. विधवांच्या केशवपनासाठी वस्तरा चालवणार नाही, असं त्यांनी ठरवलं. ज्या घरांत मुलींवर ही सक्ती व्हायची, तिथे ‘नाही’ म्हणायची ताकद वस्तरा धरणाऱ्या हातात होती आणि ती वापरली गेली. आपल्या पाठ्यपुस्तकात यावर एखादं पान असायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटतं.

आता कामाचं बोलू. जुना रेझर दिसला की घरातलं कोणीतरी तो चिंच किंवा पितळ घासायची पावडर घेऊन लख्ख करायला निघतं. त्यांना प्रेमाने अडवा. आत पितळ असलं तरी वर निकेलचा, क्रोमचा किंवा सोन्याचा पातळ मुलामा असतो आणि घासलं की तोच आधी जातो. कोमट पाणी, भांड्यांचा लिक्विड साबण आणि जुना मऊ टूथब्रश पुरे. पांढरा थर म्हणजे साबण आणि जड पाण्यातला क्षार. तो हळूहळू सुटतो, घाई करू नका. उकळत्या पाण्यात टाकू नका. दाढी करणार असाल तर आधी सर्जिकल स्पिरिटने पुसा आणि ब्लेड नवंच घाला. डब्यातलं गंजलेलं ब्लेड आठवण म्हणून ठेवा, गालाला लावू नका.

वस्तऱ्याचं पोलाद साधं असतं, म्हणजे ते गंजतं. कोकणातल्या नाहीतर मुंबईतल्या पावसाळ्यात तर फारच लवकर. पातं कोरडं करून त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवा. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. मूठ जुन्या सेल्युलॉइडची असेल तर ती कालांतराने स्वतःच कुजायला लागते आणि तिच्या वाफांनी पातं खराब होतं. असा वस्तरा बंद डबीत कोंडू नका. आणि शिकवणारं कोणी नसताना वस्तऱ्याने दाढी करायचा प्रयोग तर अजिबात नको.

मग त्यावरची अक्षरं वाचा. ‘शेफील्ड’, ‘मेड इन इंग्लंड’ असं काहीतरी सापडेल. 1950 च्या दशकातल्या अमेरिकी जिलेटवर तळाशी एक अक्षर आणि एक आकडा असतो. अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचा. पण तो रेझर तुमच्या घरी कोणी आणला, पहिल्या पगारातून की लग्नात सासरकडून, हे धातूवर कुठेच कोरलेलं नसतं. ते आजीला माहीत असतं, मोठ्या आत्याला माहीत असतं. या रविवारी फोन करा, नातवालाच नाही तर नातीलाही तो मिळू शकतो का तेही विचारून घ्या. ऐकलेलं सगळं नावं, गाव आणि साल घालून एका चिठ्ठीवर पेनने लिहा. ती चिठ्ठी आणि नव्या बुटांच्या खोक्यातली ती सिलिका जेलची पुडी, दोन्ही डब्यात टाका.